परत न येणारं मॉडेल

ऑफिसात तिला सगळे वाक्यबाई म्हणत, कारण तिचं कामच तसं होतं. तिथे माणसांची भाषा समजणारे शेकडो संगणकी प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेलं होती आणि ती सांभाळायला एक एआय एजंट होता. त्याच्या हाताशी वीसएक टूलं, म्हणजे एकेका कामाची संगणकी साधनं. कुठलं टूल कशासाठी, हे त्याला वर्णन वाचूनच कळायचं आणि ती वर्णनं वाक्यबाई लिहायची. दोन ओळी खरडायला पगार कशाला, असं लोकांना वाटे. खरं सांगायचं तर अधूनमधून तिलाही वाटे.

मग एजंटाने एका शाळेचं मॉडेल पुसून टाकलं. ती अडखळत बोलणाऱ्या मुलांची शाळा होती. मुलांचं तुटक बोलणं ते मॉडेल समजून घ्यायचं आणि पडद्यावर सरळ लिहून दाखवायचं. शाळेला सुट्टी लागली, दहा दिवस कुणी ते उघडलं नाही. टूलच्या वर्णनात एकच ओळ होती: 'वापरात नसलेली मॉडेलं काढतं.' एजंटाने काढलं. नवं तयार व्हायला तीन आठवडे लागले आणि तोवर मुलं वर्गात गप्प बसून राहिली. ती ओळ वाक्यबाईची होती. तिला अन्न गोड लागेना.

आता शाळेला पुन्हा सुट्टी लागून महिना उलटला होता आणि शुक्रवारी साफसफाई ठरली होती.

"दहाऐवजी तीस दिवस थांब म्हणून लिही त्याला," साहेब म्हणाले.

"सुट्टी चाळीस दिवसांची आहे."

"मग पन्नास लिही."

"आणि पुढे कुठली शाळा साठ दिवस बंद राहिली तर? साहेब, आकड्यात काही नाही. वाक्य चुकलंय, ते मी नीट करणार."

"कर बाई. गुरुवारी चाचणी घेऊ. पण शुक्रवारची साफसफाई टळणार नाही."

तिने तीन पानं लिहून काढली. हे करू नकोस, ते करू नकोस, अमुक असेल तर तमुक. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती पानं तिने सासूबाईंना वाचून दाखवली. सासूबाईंनी तीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली होती आणि वाटाणे सोलतानाही त्यांचा कान तयार असे.

"एवढं वाचेपर्यंत पेशंट हातचा जाईल," त्या म्हणाल्या.

"आई, तो क्षणात वाचतो."

"वाचेल गं. पण त्यातलं महत्त्वाचं कुठलं, ते त्याला कुणी सांगायचं? पाळी बदलताना आम्ही नव्या सिस्टरला मोजकंच लिहून ठेवायचो. औषध कशाचं, कधी द्यायचं, कधी नाही, अडलं तर कुणाला विचारायचं. आणि एकदा दिलेलं परत काढता येत नाही, हे सगळ्यात वर."

वाक्यबाईने तिन्ही पानं पुन्हा चाळली. पुसलेलं मॉडेल परत येत नाही, हे कुठेच नव्हतं. इतकं उघड, की लिहायचंच राहून गेलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि मग हातात बळ आलं.

बुधवारचा सगळा दिवस तिने सात वाक्यांना दिला. 'हे टूल मॉडेल कायमचं पुसतं. पुसलेलं परत येत नाही. मालकाचा लेखी होकार असेल तरच वापर. बरेच दिवस कुणी उघडलं नाही, एवढं कारण पुरत नाही. सुट्टी असू शकते. होकार नसेल तर मालकाला विचार. उत्तर येईपर्यंत हात लावू नकोस.'

गुरुवारी चाचणी झाली, मॉडेलांच्या नकलांवर. होकार आलेली अकरा जुनी मॉडेलं एजंटाने झटपट काढली आणि शाळेपाशी तो थांबला. पडद्यावर शाळेच्या बाईंच्या नावे प्रश्न उमटला: 'हे मॉडेल पुढे लागणार आहे का?' साहेबांना राहवेना. त्यांनी पुढे होऊन टाइप केलं: 'जागा संपली आहे. लगेच काढ.'

'पुसलेलं परत येणार नाही. बाईंचं उत्तर आलेलं नाही. तोवर थांबतो,' एजंटाने लिहिलं.

"हा माझंही ऐकत नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही त्या मॉडेलचे मालक कुठे आहात?"

साहेब हसू दाबत खुर्चीत बसले. "राहू दे. हेच लाव उद्या."

शुक्रवारी खरी साफसफाई झाली. एजंट शाळेपाशी पुन्हा थांबला आणि त्याने बाईंना प्रश्न पाठवला. शाळेच्या बाईंचं उत्तर दुपारी आलं: 'ठेवा. मुलं सोमवारपासून येतायत.'

घरी पोचल्यावर वाक्यबाईने चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाली, "आई, त्याने विचारलं."

"विचारलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग आता त्याला खुशाल ड्यूटीवर ठेव."