नळीच्या टोकाशी

दादाची नस आज दुपारी कापणार होते, आणि ती कापायची गरजच नव्हती हे मला आज सकाळी कळलं.

आधी नळीबद्दल सांगते, म्हणजे मी एवढी का पेटले होते ते समजेल. मी काम करते त्या प्रयोगशाळेत सुतळीहून बारीक नळी बनते. ती मांडीतून आत सरकवत दुखऱ्या नसेपाशी न्यायची. टोकाला धातूची दोन कडी असतात. त्यांतून हलका करंट सोडला की नसेला मुंग्या येतात आणि कळ वरपर्यंत पोचत नाही. कड्यांच्या मधे छिद्रं, त्यांतून सूज उतरवणारं औषध थेंबथेंब जातं. एका नळीत दोन्ही कामं. ही अक्कल माझी, डिझाइन माझं! दादाचा पाय यंत्राखाली चिरडला, त्यावर चादरसुद्धा त्याला सोसेना, तेव्हा मीच डॉक्टरांच्या हातापाया पडून ती त्याला बसवून घेतली.

प्रयोगशाळेच्या टेबलावर गुणी बाळ असलेली नळी दादाच्या पायात मात्र ढिम्म. करंट वाढवून वाढवून आम्ही हात टेकले. शेवटी डॉक्टर म्हणाले, नस कापू. कळ जाईल, पण पायाची जाणीवही कायमची जाईल.

सकाळी प्रयोगशाळेत मी शेवटचं एकदा तपासायला बसले, तर शुद्ध पाण्याचा कॅन रिकामा! आमच्याकडे तपासताना नळीतून नेहमी शुद्ध पाणीच सोडतात, कारण मिठानं मीटर गंजतो. "मीटरला मीठ लागलं तर बघा," असा साहेबांचा दम असतो. माझं डोकं आधीच फिरलेलं. गेला मीटर खड्ड्यात, म्हणत मी इस्पितळात वापरतात तेच सलाइन ओतलं. टोकापुढे किती करंट पोचतो ते दाखवणारा मीटरचा काटा आडवा पडला.

घोडं इथे पेंड खात होतं. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. त्यातून करंट मजेत वाहतो. इस्पितळात औषध सलाइनमधून जायचं, टोकाशी त्याचं तळं साचायचं आणि करंट नसेकडे न जाता त्या तळ्यातच पसरायचा. आम्ही शहाण्यांनी मीटर जपला आणि माणसं वाऱ्यावर सोडली. मी साखरेचं पाणी घालून पाहिलं, तेही इस्पितळात मिळतंच. त्यातून करंट वाहत नाही. काटा ताठ उभा राहिला, आणि मी तशीच धावत सुटले.

वॉर्डात पोचले तेव्हा वहिनी दादाचे केस विंचरत होती. दादाच्या कपाळावर घाम होता, ओठ दाताखाली. शेजारच्या खाटेवर चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या पायातही आमचीच नळी होती. तीही चालली नाही, म्हणून परवा त्यांची नस कापली.

"दादा, कापायचं नाही! मला सापडलं!"

"पुरे, ठमे," दादा म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून तीनदा खोटं बोललो की कमी आहे म्हणून. आता अंगात खोटं बोलायचंही बळ नाही."

"फक्त औषधाचं पाणी बदलायचं आहे रे. एकदाच."

"मास्तरांना विचार. दोन दिवस शांत झोपतायत."

"झोपतो खरा," मास्तर हसले. "पाय आहे की नाही ते मात्र पांघरूण काढून बघावं लागतं."

मला रडू फुटलं. चारचौघांत, नाक गळेपर्यंत रडले. वहिनीनं कंगवा खाली आपटला. "अहो, तुम्ही दिवसभर कण्हता ते मी ऐकतेच ना? मग तिचं एवढं ऐका. माझ्यासाठी ऐका."

दादानं डोळे मिटले. "बरं. पण नाही जमलं तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

डॉक्टर आले. मी पाण्याचं सांगताच ते आधी चिडले, मग औषध साखरेच्या पाण्यात चालेल का ते स्वतःच औषधवाल्यांना विचारायला गेले. साखरेच्या पाण्यात कालवून आणलेलं औषध पंपात भरलं. आधीचं खारं पाणी जिरेपर्यंत थांबायचं होतं. तेवढ्यात माझी पाचावर धारण बसली. हेही फसलं, तर तोंड मिटून याला कापायला मीच धाडणार!

करंट सुरू केला. काहीच नाही. दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"थांबा," दादा म्हणाला. "अंगठ्यात मुंग्या येतायत."

पंप चालू होता, औषध जात होतं, तरी मुंग्या थांबेनात. त्या घोट्यापर्यंत चढल्या. वहिनीनं भीत भीत त्याच्या पावलावर तळवा ठेवला. दादा ओरडला नाही. "हात काढू नकोस गं," म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी डॉक्टरांचा हात धरून गदागदा हलवला. वेड्यासारखं झालं होतं मला.

"बाई," मास्तरांनी हाक मारली. ते कोपरावर रेलून उठले होते, सगळं ऐकत होते. "माझं औषधही त्या मिठाच्याच पाण्यात होतं का?"

"हो."

"म्हणजे माझंही जमलं असतं."

मी म्हणाले, "बहुतेक हो, मास्तर. चूक आमची."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि पावलाकडे पाहिलं. मग बोटांनी दाबलं, चिमटा काढला.

"कापलेली नस परत जोडता येते का हो?"

 

"नाही, मास्तर," मी म्हणाले.