प्लास्टरचं अंडं

आमच्या प्राणिसंग्रहालयात लोक वाघ बघायला येतात. मी मागच्या बाजूला, 'प्रवेश बंद' पाटीच्या आत, गिधाडांची अंडी उबवतो. डॉक्टरेटही त्यातलीच. सासूबाई मात्र पाहुण्यांना सांगतात, "जावई कोंबड्यांच्या खात्यात आहेत."

आमची गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते आणि गेली दोन वर्षं तिने ते पायाखाली फोडलं. ही जात संपत चाललीय, त्यामुळे यंदाचं अंडं काहीही करून वाचवायचं होतं. बेत सोपा होता: खरं अंडं यंत्रात उबवायचं आणि तिच्याखाली प्लास्टरचं ठेवायचं. ते मीच रंगवलं होतं, इतकं हुबेहूब की माझा मीच खूश.

अदलाबदल करताना तिने मनगटावर अशी चोच मारली की एका हातातलं अंडं तिच्याखाली सारून, दुसऱ्या हातातलं घेऊन मी पळालो.

मग यंत्रातलं अंडं मी डोळ्यांत तेल घालून राखलं. घरट्याकडे फिरकलोही नाही. तिथे काय, प्लास्टर! उजेडावर धरलं तर आत काळोख. म्हटलं, पिल्लू भरलंय. उबवताना अंड्याचं वजन घटतं, ते घटेना. मी काट्याला शिव्या घातल्या. कान लावला तर टिकटिक ऐकू आली. ती माझ्याच घड्याळाची होती.

एके सकाळी संचालिकाबाईंचा फोन आला. "अभिनंदन! घरट्यात पिल्लू आहे. आई भरवतेय त्याला."

"घरट्यात? मॅडम, तिथे प्लास्टर आहे."

"मग तुमचं प्लास्टर चोच उघडतंय."

यंत्रातलं अंडं मी टेबलाच्या कडेवर आपटलं. पांढरा टवका उडाला. गिधाडिणीला फसवायला केलं होतं, आणि फसलो मी.

घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" मीही हसलो. मग डोळे पुसत तिने विचारलं, "पण मग आधीची दोन का फोडली तिने?"

"दचकून उठायची. पाय पडायचा अंड्यावर."

"कशाला दचकायची?"

"कशाला म्हणजे... मी रोज जायचो ना, अंडं नीट आहे का बघायला."

बायको हसायची थांबली.

पिल्लू आता पंख पसरून उभं राहतं म्हणे. मी अजून पाहिलेलं नाही.