कुंपणावरून जाणारी झारी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. माझा हिरवा रंग आता फक्त दांड्याच्या खाली थोडासा उरला आहे. बुडाशी गंजाचे भोक पडले आहे, त्यामुळे मला कुणी कामाला लावत नाही. पण मी एका बागेला बावीस वर्षे पाणी घातले आहे, आणि त्या बागेतल्या दोन जावांची गोष्ट माझ्याशिवाय कुणाला नीट माहीत नाही.

एका कारागिराने मला घडवले. पत्रा कापून, वाकवून त्याने माझे पोट केले, मग लांब मान आणि तोंडाला बारीक भोकांची जाळी बसवली. पहिल्यांदा पाणी भरून त्याने मला वाकडे केले, तेव्हा एकही थेंब भलतीकडे गेला नाही. तो स्वतःशीच म्हणाला, "जमली बुवा!" माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मला ज्या घरी आणले, तिथे दोन भाऊ एकत्र राहत. घराच्या मागे विहीर, आणि विहिरीपासून पार ओढ्यापर्यंत बाग. टोमॅटो, घेवडा, लिंबू, गुलाबाचे ताटवे. रोज सकाळी थोरली जाऊ विहिरीतून पाणी काढी, मला भरी आणि धाकटीच्या हातात देई. धाकटी हळूहळू, एकेका रोपाशी थांबत पाणी घाली.

"अगं, त्यांना पाणी घालतेस की त्यांची विचारपूस करतेस?" थोरली म्हणायची.

"विचारायला नको का, वहिनी? तुम्ही नुसतं भडाभडा ओतता. रोपं बिचारी घाबरून जातात."

मग दोघी हसायच्या. काम झाले की विहिरीच्या कठड्यावर बसून चहा प्यायच्या, आणि मी त्यांच्या पायाशी ठिबकत असे. त्यापेक्षा अधिक सुख मला कधी हवेसे वाटले नाही.

बागेत एक तुतीचे झाड होते. सासऱ्यांनी लावलेले. त्याची पाने धाकट्या भावाच्या खोलीवरच्या पन्हळीत अडकत आणि पाणी तुंबे. एके दिवशी थोरला परगावी गेलेला असताना धाकट्याने ते झाड तोडून टाकले. थोरला परतला आणि बुंध्यापाशी नुसता उभा राहिला. मग जे बोलणे झाले, ते मी सांगत नाही. शेवटी थोरला म्हणाला, "आजपासून तुझं तोंड बघायचं नाही मला." धाकटाही तसाच हट्टी. आठ दिवसांत बागेच्या मधोमध तारेचे कुंपण उभे राहिले. विहीर आणि मी थोरल्याकडे राहिलो. दोन्ही घरांतल्या बायकांनाही बोलायची मनाई झाली.

पलीकडच्या नळाला दिवसाआड, तेही करंगळीएवढे पाणी येई. धाकटीचा घेवडा माना टाकू लागला. थोरलीने ते चार दिवस पाहिले. पाचव्या सकाळी, घरातले पुरुष बाहेर पडल्यावर, तिने मला काठोकाठ भरले आणि तारेवरून पलीकडे ठेवले. धाकटी आली. तिने वर पाहिले, मला उचलले, पाणी घातले आणि पुन्हा तारेवरून अलीकडे ठेवले. माझ्या पोटात तिने मूठभर घेवड्याच्या शेंगा टाकल्या होत्या.

दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत. शब्द मोडला, असे कुणी म्हणायला नको म्हणून. पण दोन वर्षे मी रोज त्या तारेवरून गेले आणि आले. कधी लिंबू घेऊन, कधी गुलाब घेऊन. एकदा थोरलीला ताप होता, तेव्हा माझ्यात गवती चहाची जुडी आली. मी वजनाने ओळखत असे, आज काय आले आहे ते.

मग एका सकाळी थोरला काही विसरले म्हणून परत आला. त्याने मला तारेवर पाहिले.

"माझ्या घरातली वस्तू तिकडे जायची नाही," तो म्हणाला आणि मला अवजारांच्या खोलीत उंच खुंटीला टांगले. थोरली खाली मान घालून आत गेली. तिने तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, असे मला आजही वाटते. तिलाही वाटते.

त्या खोलीच्या फळ्यांमधून मला कुंपण दिसे. धाकटी रोज सकाळी तिथे येऊन उभी राही. हातात काहीतरी असे. थोडा वेळ थांबे आणि निघून जाई. असे तीन महिने चालले. तिच्याकडची रोपे वाळत गेली. मग तीही येईनाशी झाली.

ती न आल्याच्या पाचव्या दिवशी दूधवाल्याने थोरलीला सांगितले, "तुमच्या जाऊबाईंना काल इस्पितळात नेलं. फार अशक्त झाल्या होत्या."

थोरलीने स्टुलावर चढून मला उतरवले. थोरला दारात उभा होता.

"कुठे निघालीस?"

"पाणी घालायला," ती म्हणाली, आणि त्याच्या समोरून गेली. तारेखालून वाकून जाताना तिचे पातळ फाटले, तरी ती थांबली नाही. धाकटीला भेटायला जायच्या आधी तिची बाग हिरवी करायची, असे तिच्या मनात होते. दुपारपर्यंत तिने चाळीस खेपा घातल्या. एकेका रोपाशी ती थांबत होती, अगदी धाकटीसारखी.

ती हात धुऊन निघणार, एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. धाकटा भाऊ एकटाच खाली उतरला. त्याचा चेहरा पाहून धाकटी गेली हे थोरलीला कळले, आणि तिने मला जमिनीवर ठेवले. मी कलंडले. उरलेले पाणी वाहून गेले, आणि मला उचलायचे भान कुणाला नव्हते.

त्या संध्याकाळी थोरल्याने स्वतःच्या हातांनी कुंपणाचे खांब उपटले. धाकटा पायरीवर बसून पाहत होता. थोड्या वेळाने तोही उठला आणि तार गुंडाळू लागला. त्यांना कुणी अडवले नाही. ते इतके सोपे काम होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसून, सांभाळून ठेवा, हे तर मी म्हणेनच. पण माझी खरी विनंती निराळी आहे. तुमच्या अबोल्यापलीकडे कुणी तुमची वाट पाहत उभे असेल, तर आजच जा. उद्याही ते माणूस तिथेच असेल, असे समजू नका. खुंटीवर टांगलेली असताना मीही रोज तेच समजत होते.