एका हाताचा डबा

“टाळ्या!” धाकटे मालक ओरडले, आणि फुलीकाका दचकून खाली बसले.

डब्यांच्या त्या जुन्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य तपासनीस म्हणून गेलं होतं. झाकण सैल, काठ वाकडा, की मार खडूनं फुली. कामगारांनी पाठीमागं ठेवलेलं नाव हळूहळू समोरही चालू लागलं. काकांनी हरकत घेतली नाही. आयुष्यात हरकत न घेतलेली तेवढी एकच गोष्ट.

धाकटे मालक शिकून परत आले आणि आपल्या कारखान्याला नवं काही सुचत नाही, या काळजीनं त्यांना घेरलं. गोदामाशेजारच्या खोलीत गालिचा पडला, भिंती पोपटी झाल्या. बसायला मऊ मऊ गोळे आले, ज्यांत रुतलेला माणूस दोघांनी ओढल्याशिवाय उठत नसे. दारावर पाटी लागली, ‘नवविचार दालन’. आत ‘नाही’ आणि ‘पण’ हे दोन शब्द न्यायचे नाहीत, चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे. सुचेल ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला डकवायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. हिशेबनिसानं गाणारा डबा सुचवला. टाळ्या. पहारेकरी म्हणाला, डबा नकोच, नुसती झाकणं विकू. त्याला तर लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. म्हणजे ज्यांना उठता आलं त्यांनी.

फुलीकाकांना मात्र खरंच काहीतरी सुचलं होतं. आजारपणात बायकोचा उजवा हात गेला, तेव्हापासून ती डबा पोटाशी धरून डाव्या हातानं झाकणाशी झटापट करायची. मदतीला गेलं की म्हणायची, “राहू द्या. आता भूकच नाही मला.” काठाला एक खिटी बसवायची, अंगठ्यानं दाबली की झाकण वर. एका हाताचं काम! तेच त्यांनी चिठ्ठीवर लिहून भिंतीला डकवलं होतं, आणि त्यांनाही टाळ्या मिळाल्या होत्या. काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी एक तरी नमुना निघायला हवा होता. नंतर फाटकातून आत यायलाही परवानगी लागणार.

टाळ्या वाजून आठवडा गेला, दुसराही गेला. काकांचा पाय एका जागी ठरेना. चहा अर्धा टाकून उठायचे, चिठ्ठी जागेवर आहे ना बघायचे, परत यायचे, पुन्हा उठायचे. शेवटी त्यांनी मालकांना गाठलं.

“साहेब, माझ्या डब्याचं काय झालं?”

“अप्रतिम आहे, काका!”

“ते झालंच. चुकलंय कुठं?”

“चुकीचं असं काही नसतंच मुळी.”

“मग करायचा कधी?”

काकांनी चपलेसकट गालिच्यावर पाय द्यावा, तसं मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. “काका, आपण संस्कृती घडवतोय. डबे काय, घडतच असतात.”

पुढच्या आठवड्यात दालनाच्या भिंती निळ्या झाल्या. नव्या विचारांना नवी भिंत. जुन्या चिठ्ठ्या झाडूवाल्यानं गोळा करून नेल्या होत्या.

काका तडक साचेघरात गेले. तिथल्या प्रमुख बाईंच्या डब्यांवर त्यांनी इतक्या फुल्या मारल्या होत्या की दोघं एकमेकांशी तिसऱ्या माणसामार्फतच बोलत. काकांनी डब्याचं चित्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं. बाईंनी चष्मा पुसला.

“कुणी काढलंय हे?”

“मी.”

“वाटलंच. नाही होणार.”

काकांनी स्टूल ओढलं. “का नाही होणार?”

“खिटी इथं बसवलीत तर झाकण वाकेल. डोळे मिटून काढलंय की काय?”

“मग खाली घेऊ.”

“खाली घेतली की झाकण सैल. मग तुम्हीच येणार नाचत, खडू घेऊन!”

“येणारच!”

आवाज असे चढले की पलीकडचा कामगार मशीन बंद करून भांडण सोडवायला आला, आणि दोघांनी मिळून त्याला हाकललं. त्या दिवशी काका कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी कागदात गुंडाळलेला नमुना त्यांच्या हातात कोंबला. “कौतुक नको. उघडतो का, तेवढं सांगा.”

घरी काकांनी डबा टेबलावर ठेवला. बायकोनं डावा अंगठा खिटीवर टेकवून दाबला. झाकण जरासं हललं.

“छान आहे हो,” ती म्हणाली.

टाळ्या घरापर्यंत येऊन पोचल्या होत्या.

“खरं सांग.”

“सांगितलं की. छान आहे.”

“अगं, खरं सांग ना!”

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “चिडू नका. खिटी दबतेय, पण डबाच पळतोय. फार हलका झालाय.”

“कुठं पळतोय? दाखव.”

तिनं दाबलं. डबा सरकत टेबलाच्या कडेशी गेला. तिनं तो ओढून आणला, कोपरानं अडवून धरला.

“उद्या सांगाल बाईंना?”

“उद्या शेवटचा दिवस माझा.”

“दिवस तर आहे ना?” ती म्हणाली, आणि पुन्हा दाबलं. डबा गर्रकन फिरला. काकांचे हात आपोआप पुढं गेले. त्यांनी ते मागं घेतले, पाठीशी एकात एक घट्ट अडकवले आणि तसेच बघत उभे राहिले.