नवव्या मजल्यावरची ओटी

लेक मस्कतहून आली आणि माहेरी न येता हॉटेलात उतरली, हे हुबळीच्या दुर्गदबैलात कळलं तर आपलं नाक राहणार नाही, या विचारानं विमलबाईंचा जीव खालीवर होत होता. दुर्गदबैलच्या बाजारात त्यांचे यजमान मारुतीअण्णा यांचं भांड्यांचं दुकान, दुकानावरच घर, आणि शेजारणी अशा की कुकरची एक शिट्टी कमी झाली तरी जिना चढून चौकशीला येणार.

"हॉटेल नव्हे गं आई, सर्व्हिस अपार्टमेंट," दीपश्री फोनवर म्हणाली. "दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. विद्यानगरात आहे, नवव्या मजल्यावर. गोकुळ रोडला माझं काम निघालंय म्हणून कंपनीनं दिलंय. चार दिवस तूही ये राहायला."

"आणि आपलं घर काय ओस पडलंय?"

"अण्णा आहेत की घरात."

विमलबाई गेल्या खऱ्या, पण मनाशी पक्कं ठरवून गेल्या. चौथ्या दिवशी लेकीला घरी न्यायची, देवापुढं बसवून तिची ओटी भरायची आणि मगच तिला विमानात बसू द्यायचं. लेक माहेरातून निघताना आई ओटी भरते, ती माहेरच्या घरात. परक्या खोलीत भरलेली ओटी कुठली लागते! तरी या पोरीच्या वेळेचा काही नेम नाही, ऐनवेळी परस्पर विमानतळ गाठायची, म्हणून पिशवीच्या तळाशी तांदळाची पुरचुंडी, नारळ, हळदकुंकू आणि गुळेदगुड्डचा जांभळा खण घातलेलाच होता.

पहिल्या सकाळी त्या सवयीनं पाचला उठल्या. झाडू कुठं सापडेना, तेव्हा ओल्या टॉवेलनं सगळी फरशी पुसून काढली, पलंग आवरले, रात्रीचे पेले घासून पालथे घातले. नऊ वाजता खोल्या साफ करणारी जयलक्ष्मी आली आणि दारातच उभी राहिली.

"अम्मा, नन्न केलस नीव माडिद्र नान एन माडली?" तिनं कपाळाला हात लावला. माझं काम तुम्हीच उरकलंत तर मी काय करू?

"मग चहा घे आणि बस," विमलबाई कानडीत म्हणाल्या. हे काम मात्र जयलक्ष्मीनं मन लावून केलं.

तेवढ्यात मारुतीअण्णांचा फोन. साखर कुठंय? एकेचाळीस वर्षं ज्या डब्यातली साखर खाल्ली, तो डबा माणसाला सापडू नये! विमलबाईंनी जागा सांगितली, आणि फोन ठेवताच पिशवी भरायला घेतली. "अण्णांचं काही खरं नाही. मी जाऊन येते."

दीपश्रीनं पिशवी हातातून काढून घेतली. "उपाशी नाही मरणार. बस खाली. खालून पोहे येताहेत."

दुसऱ्याच्या हातचे गरम पोहे पुढ्यात आले की काय करायचं हे विमलबाईंना ठाऊकच नव्हतं. त्या आधी लेकीकडं बघत राहिल्या, मग ती खायला लागल्यावर त्यांनी घास घेतला. मीठ कमी होतं. तरी ताटली पुसून स्वच्छ केली.

संध्याकाळी दोघी गच्चीवर गेल्या. तिथं गाद्यांच्या आरामखुर्च्या, कुंड्या आणि कमरेइतकी काच. त्या काचेपलीकडं सगळं गाव पसरलेलं. विमलबाईंचा आधी विश्वासच बसेना. जन्म गेला, पण हुबळी एवढी मोठी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची हुबळी दुकान, देऊळ आणि भाजीबाजार या तीन कोपऱ्यांत संपायची. उणकलचं तळं तांब्याच्या परातीसारखं लखलखत होतं, आणि त्या बाजूनं एक गाडी धारवाडकडं निघाली होती.

"मिरजेची असेल," विमलबाई म्हणाल्या.

मिरज त्यांचं माहेर. म्हणजे होतं. लग्नाच्या वर्षीच आई गेली, पाठोपाठ भावानं घर विकलं, आणि विमलबाईंचं माहेरपण सुरू व्हायच्या आधीच संपलं. दीपश्री लहान असताना मे महिना आला की वर्गातल्या सगळ्या मुली आजोळी जायच्या. "आपलं आजोळ कुठाय?" असं तिनं विचारलं की विमलबाई तिला घरावरच्या पत्र्यावर नेऊन लांबून जाणाऱ्या गाडीकडं बोट दाखवायच्या. "त्या गाडीनं जायचं. पुढच्या वर्षी जाऊ." पोर दरवर्षी विश्वास ठेवायची.

"आई, तुला वाईट वाटायचं का गं?" दीपश्रीनं आता विचारलं.

"वाटायचं की," विमलबाई सरळ म्हणाल्या. "बाया माहेराहून यायच्या तेव्हा तोंडावर तुकतुकी असायची. मी म्हणायची, असं काय खातात तिथं? नंतर कळलं, खात काही नाहीत. झोपतात."

तिसऱ्या दिवशी विमलबाई स्वतः आठ वाजेपर्यंत झोपल्या. उठून घड्याळ बघितलं आणि चोरी पकडल्यासारख्या लाजल्या.

चौथ्या दिवशी मात्र त्या सकाळीच पदर खोचून तयार. विमान संध्याकाळचं होतं. "आता थेट घरी. ओटी भरल्याशिवाय सोडायची नाही तुला." दीपश्री मुकाट्यानं हो म्हणाली, आणि तेवढ्यात खालच्या काउंटरवरचा श्रीनिधी कागद घेऊन आला. कागद त्यानं विमलबाईंपुढं धरला. "इल्लि सही माडरी, अम्मा."

"माझी सही कशाला? खोली कंपनीची आहे."

"निम्म हेसरिनाग ऐतरी." तुमच्याच नावावर आहे की.

विमलबाईंनी लेकीकडं पाहिलं. महिन्यापूर्वी तिनं विम्याच्या नावाखाली त्यांच्या आधार कार्डाचा फोटो मागून घेतला होता, ते त्यांना आता आठवलं.

"कंपनी नाही आणि काम नाही," दीपश्री म्हणाली. "आई, मी घरी आले की तू पाचला उठतेस. आठवडाभर ओट्यापाशी उभी असतेस, आणि मी गेले की चार दिवस कंबर धरून पडतेस. मी माहेरी येते. तू कुठं जातेस? म्हटलं, यंदा आधी तुझं माहेर करू, मग माझं."

"आईशी खोटं बोलतीस?" विमलबाई कडाडल्या. एवढ्या कडाडल्या की श्रीनिधी दोन पावलं मागं सरला. आणि मग तोंडाला पदर लावून त्या रडायलाच लागल्या. पोरीला एक आजोळ दाखवता आलं नाही आपल्याला, आणि तिनं आईसाठी माहेर शोधून काढलं होतं.

जयलक्ष्मी दाराशी चादरी घेऊन उभी होती. मराठी तिला पुरती कळत नसली तरी माहेर कळत होतं. "तवरमनीलिंद उडी तुंबलारद कळिसबारद्री," तिनं दीपश्रीला बजावलं. माहेरातून ओटी भरल्याशिवाय पाठवू नये.

दीपश्रीनं पिशवीच्या तळाशी हात घातला. तिथं काय असतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"अगं, ती तुझी आहे! आणि लेकी आईची ओटी भरतात होय कुठं?" पण ऐकतंय कोण! दोघींनी त्यांना सोफ्यावर पूर्वेकडं तोंड करून बसवलं. हळदकुंकू लावलं. विमलबाईंनी पदर पसरला, आणि दीपश्रीनं त्यात खण, नारळ आणि ओंजळ ओंजळ तांदूळ घातले. एकेचाळीस वर्षं जे हात फक्त भरत आले होते, ते आज पदराची टोकं धरून बसले होते.

निघताना विमलबाई दारात थांबल्या. ओटीतले चार दाणे माहेरच्या उंबऱ्यात ठेवले की परत येणं होतं, असं त्यांची आई सांगायची. इथं उंबरा नव्हता, नुसती स्टीलची पट्टी होती. त्यांनी चार दाणे त्या पट्टीवर ठेवले आणि जयलक्ष्मीकडं बघितलं.

"इवत्त गुडसंगिल्लरी, अम्मा," ती म्हणाली. आज नाही झाडत.

लिफ्टपाशी फोन वाजला. मारुतीअण्णा. डाळ कुठल्या डब्यात, आणि कुठवर आलीस?

"तो पिवळ्या झाकणाचा डबा," विमलबाई म्हणाल्या. "आणि ऐका, ओटीला थोडे तांदूळ निवडून ठेवा. आज आपली लेक माहेरी येतीय. मी आत्ता माझ्या माहेराहून निघालेय."