शाळेच्या वाटेवरचा खांब

सुप्रभाला त्या सकाळी आठ चौदाची लोकल चुकवून चालणार नव्हतं. संशोधन संस्थेतला तिचा करार वाढवायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं आणि साडेनऊला तिला समितीसमोर उभं राहायचं होतं. नेमकी त्याच दिवशी तिची झेंड्याची पाळी आली होती.

ही पाळी तिच्या मुलीच्या, कादंबरीच्या, शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या घराला महिन्या-दीड महिन्यातून एकदा यायची. दंडावर पट्टी बांधायची, हातात पिवळा झेंडा घ्यायचा आणि साडेसात ते आठ दहा ठरलेल्या कोपऱ्यावर उभं राहायचं. मुलं गटागटानं, सहावीतल्या एखाद्या मुलीच्या नाहीतर मुलाच्या मागून रांगेत चालत यायची. झेंडा आडवा धरला की गाड्या थांबायच्या.

खाडीत भर घालून वसवलेलं ते जपानमधलं उपनगर. २०११च्या भूकंपात जमिनीतून वाळू आणि पाणी उसळलं होतं, गटाराचे पाइप वर आले होते. अडीच वर्षं झाली तरी मोठा रस्ता अजून खणलेलाच होता. त्यामुळे स्टेशनकडे जाणाऱ्या गाड्या शाळेच्या गल्लीतून घुसायच्या. गल्लीला फुटपाथ नव्हता. कडेला एक पांढरी रेघ, तिच्या आतून मुलांनी चालायचं. पण कोपऱ्यापासून वीस पावलांवर त्या रेघेच्या आतच विजेचा खांब उभा होता. तिथं प्रत्येक मुलाला रेघ ओलांडून दोन पावलं रस्त्यावर उतरावं लागायचं.

हे सगळ्यांना दिसत होतं. मागच्या वर्षी सुप्रभा आणि नागासे-सान टेप घेऊन गल्ली मोजायला गेल्या होत्या. नागासे-सान म्हणजे नागासेबाई, कादंबरीच्या वर्गातल्या युइनाची आई. बोलायला हळू, पण अक्षर सुंदर. तिनं पालिकेला अर्ज लिहिला होता: खांब हलवा, नाहीतर कठडा लावा, निदान सकाळचा एक तास गाड्या बंद करा. चार महिन्यांनी उत्तर आलं. खांब वीज कंपनीचा आहे, कठडा लावला तर आगीचा बंब आत जाणार नाही, गाड्या बंद केल्या तर पाइपांच्या कामामुळे वाहतूक अडेल. शेवटी लिहिलं होतं, विषय विचाराधीन ठेवू.

"म्हणजे नाही," नागासे-सान हसून म्हणाली होती. "जपानीत असंच नाही म्हणतात."

त्या सकाळी सुप्रभा गट मोजत होती. कादंबरीचा गट तिसरा. कादंबरीनं आईकडे पाहिलंही नाही. मैत्रिणींसमोर तिला मराठीत हाक मारलेली आवडायची नाही. मग चौथा, पाचवा, सहावा. सातवा आला तेव्हा आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. रोज सातच यायचे, निदान तिला तसं वाटलं. गल्लीत कोणी दिसत नव्हतं. तिनं झेंडा गुंडाळून कोपऱ्यावरच्या पेटीत ठेवला, सायकल काढली आणि स्टेशनकडे निघाली.

गट आठ होते. आठव्या गटातल्या एका मुलीच्या नाकातून रक्त आलं म्हणून ती मुलं थोडा वेळ थांबली होती. आठ वाजून सहा मिनिटांनी ती खांबापाशी आली. युइना रांगेत शेवटची होती. ती रेघेबाहेर उतरली आणि कामावर निघालेल्या एका माणसाची लहान पांढरी गाडी तिच्यावर आली.

सुप्रभा फलाटावर चढत होती तेव्हा तिला ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकू आला. तिच्या डोक्यात तिची पहिली स्लाइड होती.

शाळेचा मेसेज नऊ वाजता आला. शाळेच्या वाटेवर अपघात, दुसरीतली विद्यार्थिनी गंभीर जखमी. सुप्रभानं संस्थेच्या जिन्यात बसून शाळेला फोन लावला. नंबर तीनदा चुकला. "कादंबरी-सान वर्गात आहे," पलीकडून सांगितलं. सुप्रभाच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "देवा, वाचवलंस!" मग तिनं विचारलं, कोण? आणि नाव ऐकल्यावर ती जिन्यातच बसून राहिली. साडेनऊला ती समितीसमोर गेली. काय बोलली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

रात्री तिनं नवऱ्याला, रणजितला, सगळं सांगितलं.

"कोणी विचारलं का तुला?" त्यानं विचारलं.

"नाही. पण पाळीच्या यादीत नाव आहे माझं. आठ दहापर्यंत."

"मग तूही काही बोलू नकोस. गाडी तू चालवत नव्हतीस. तो माणूस पोलिसांच्या ताब्यात आहे."

"मी असते तर झेंडा आडवा धरला असता रे."

"आणि तो थांबलाच असता कशावरून?" रणजितचा आवाज चढला. "सुप्रभा, आपण परके लोक आहोत इथे. एकदा तोंडातून गेलं की गेलं. कादंबरीला त्याच वर्गात बसायचंय."

शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. मुख्याध्यापक खाली वाकून माफी मागत राहिले. पोलीस बोलले, पालिकेचा माणूस बोलला. कोपऱ्यावर त्या वेळी कोण होतं, हे कोणीच विचारलं नाही. निघताना ओळखीच्या आया नेहमीसारख्याच मान लववून गेल्या. फक्त तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या सभा संपेपर्यंत रिकाम्या होत्या. कोणीतरी अंगावर ओरडावं, कॉलर धरावी, असं तिला वाटत होतं. घरी आल्यावर तिनं बाथरूमचा नळ सोडला आणि टॉवेल तोंडात धरून ती रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर जाऊन बसू लागली. वर फक्त घरच्यांना सोडत. युइना शुद्धीवर नव्हती. सहाव्या दिवशी नागासे-सान खालच्या दुकानात काहीतरी घ्यायला आली. तिनं केस विंचरले नव्हते. पायांत हॉस्पिटलच्या सपाता होत्या. सुप्रभा उठली आणि तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली.

"त्या दिवशी पाळी माझी होती. मी आठ वाजून दोन मिनिटांनी गेले. मला गाडी पकडायची होती."

नागासे-सान एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. उठा, लोक बघतायत."

"मला काहीतरी बोला."

"काय बोलू?" तिचा आवाज तसाच हळू होता. "तुम्ही असतात तरी कदाचित झालंच असतं. नवरा मला रोज हेच सांगतो. मी हो म्हणते. पण तुम्ही असायला हव्या होतात, सुप्रभा-सान."

तिनं पाण्याची बाटली घेतली आणि ती लिफ्टकडे गेली.

त्यानंतर सुप्रभा रोज सकाळी कोपऱ्यावर उभी राहू लागली, पाळी कोणाचीही असो. कोपऱ्यावर नाही, थेट खांबापाशी, रस्त्यात. पाळीवरची बाई संकोचून दुसरीकडे बघायची. गाड्या कमी झाल्या नव्हत्या. मोठा रस्ता खणलेलाच होता. तिसऱ्या आठवड्यात एका गाडीवाल्यानं मुलं जायच्या आत पुढे काढायचा प्रयत्न केला. सुप्रभा गाडीसमोर गेली आणि तिनं दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. मुलं पार झाली तरी ती हलेना. त्यानं हॉर्न दिला. मागे पाच-सहा गाड्या अडकल्या.

"खाली उतर!" ती मराठीत ओरडत होती. "उतर आणि चाल इथून! स्वतःच्या पायांनी चालून दाखव मला!"

कादंबरीचा गट तेव्हाच मागून येत होता. कादंबरी रांग सोडून धावत आली आणि आईचा कोट ओढू लागली. "मामा, यामेते! मामा, यामेते!" आई, थांब, असं ती जपानीत ओरडत होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती मराठीत म्हणाली, "आई, नको ना गं. घरी चल."

चौकीतला पोलीस सायकलवरून आला. त्यानं सुप्रभाला हात धरून कडेला नेलं, तिथल्या फुलांच्या कुंड्यांच्या कट्ट्यावर बसवलं आणि गाड्या सोडल्या. त्याच दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. उपमुख्याध्यापक फार मऊ आवाजात म्हणाले की आपण दमलेल्या आहात, यापुढे पाळीला आला नाहीत तरी चालेल. यादीतून तिचं नाव काढलं गेलं. संस्थेतून त्याच आठवड्यात पत्र आलं. करार दोन वर्षांसाठी वाढला होता. ते पत्र तिनं रणजितला दाखवलंही नाही, त्याला ते ड्रॉवरमध्ये सापडलं.

युइना पंचविसाव्या दिवशी शुद्धीवर आली. डावा पाय आणि बोलणं, दोन्हीला वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पालिकेनं पांढऱ्या रेघेच्या आतला भाग हिरव्या रंगानं रंगवला. खांबाला पिवळे-काळे पट्टे गुंडाळले. खांब होता तिथंच राहिला, आणि मुलं हिरव्या रंगावरून येऊन त्याच्यापाशी रस्त्यावर उतरत राहिली.

मार्चमध्ये नागासे-साननं स्वतःहून निरोप पाठवला: एकदा येऊन जा. युइना आता नदीपलीकडच्या उपचार केंद्रात होती. सुप्रभा एकटीच गेली. युइना खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती, केस बारीक कापलेले. तिनं सुप्रभाकडे नीट पाहिलं आणि आईला एकेक शब्द सोडवत विचारलं, "ह्या... कोण?"

"कादंबरीची आई," नागासे-सान म्हणाली.

युइनानं थोडा वेळ आठवायचा प्रयत्न केला आणि मान खाली घातली. कादंबरी कोण, हेही तिला आठवत नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात नागासे-साननं सांगितलं की ते तोयामाला, तिच्या माहेरी राहायला जाणार आहेत. तिथं मोकळं आहे. मग ती म्हणाली, "मला तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. पण आता परत येऊ नका. तुम्हाला पाहिलं की मी मिनिटं मोजायला लागते."

सुप्रभानं मान लववली. नागासे-साननंही लववली, आणि ती आत गेल्यावर दार हळूच लागलं.

बसस्टॉपपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना रुंद फुटपाथ होता आणि सायकलींना वेगळी लेन. दुपारी तिथं कोणीच चालत नव्हतं. सुप्रभा बाकावर बसली. एक बस आली, थांबली, ड्रायव्हरनं दार उघडून तिच्याकडे पाहिलं. ती उठली नाही. दुसरी आली तेव्हा पण तिला उठवेना.