पोटातला गोळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पण अशीतशी नव्हे हं! डॉक्टरांच्या टेबलासमोर पेशंट बसतात ना, ती मी. टेबलामागची डॉक्टरांची चाकांची खुर्ची दिवसभर तोऱ्यात गरगर फिरत असते. फिरू दे बापडी! माणसांची सुखदुःखं मात्र माझ्याकडेच येतात.

मला घडवणारा सुतार मोठा हौशी होता. त्याने माझी पाठ किंचित मागे कलती ठेवली, हात छान गुळगुळीत घासले आणि बायकोला बसवून विचारले, "कशी झालीय?" ती म्हणाली, "झकास! हिच्यावर बसून तुमच्याशी तासभर भांडलं तरी पाठ दुखणार नाही." माझे हे पहिले कौतुक.

दवाखान्यात आधी एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या थकल्यावर त्यांचे पुतणे आले. स्वभावाने लाख माणूस, हाताला गुण. पण घाई म्हणजे काय घाई! पेशंटने "डॉक्टर, कालपासून" म्हणेपर्यंत यांची गोळी लिहून तयार आणि हात घंटीवर. ट्रिंग वाजले की पुढचा पेशंट आत. कितीतरी जण उरलेली तक्रार दाराबाहेर कंपाउंडरला सांगत बसायचे. तो बिचारा मान डोलवायचा. लोक माझ्यावर टेकतसुद्धा नसत, आणि मला त्याचे फार वाईट वाटे.

एकदा शिंपीणकाकू आल्या. त्या वरच्या मजल्यावर राहत आणि खाली त्यांचे शिवणाचे दुकान होते. मधे चांगला उभा जिना.

"डॉक्टर, हल्ली ना, पोटात गोळा येतो. जिना उतरताना..."

"पोटात गोळा? झोपा तिथे."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, चेहरा गंभीर केला, सोनोग्राफी लिहून दिली आणि घंटी वाजवली. जिना राहिला बाजूलाच!

काकू आल्या होत्या भीतीचे सांगायला, आणि गेल्या पोटात खरीच गाठ आहे असे समजून. "हात लावताच ओळखलं गं त्यांनी," असे त्यांनी लेकीला सांगितले. लेकीच्या तोंडचे पाणी पळाले. दुकानाला कुलूप लागले, मशीनवर चादर पडली. पुढच्या वेळी दोघी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आल्या. बाईंच्या जिवाला केवढा घोर लागला होता!

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला. "गोळा तर कुठे दिसत नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवू." ट्रिंग!

पोस्टमनकाका आत आले. लेक उठली. काकू मात्र हलल्या नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. मीसुद्धा चारही पाय रोवून उभी राहिले.

"बस गं खाली. डॉक्टर, माझं सांगून झालेलं नाही. भाऊ, जरा थांबाल का?"

"थांबतो की," पोस्टमनकाका म्हणाले. "मला नुसता खोकला आहे. तो काही पळून जात नाही." आणि ते खोकत खोकत बाहेर गेले.

"गोळा केव्हा येतो, ते तुम्ही ऐकलंच नाही," काकू म्हणाल्या. "जिना उतरतानाच येतो. पायरी कुठे संपते ते धड दिसत नाही. सगळं धुरकट. पाय पुढे टाकायचा म्हटलं की पोटात गोळा!"

डॉक्टरांचा हात घंटीवरून खाली आला. "म्हणजे... गोळा येतो म्हणजे भीती वाटते?"

"मग काय, चेंडू येतो?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि असे खो खो हसले की चाकांची खुर्ची मागच्या भिंतीला जाऊन थडकली. "काकू, चुकलं माझं! आजार डोळ्यात, आणि मी शोधतोय पोटात!" त्यांनी बॅटरीने डोळे तपासले. मोतीबिंदू होता. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

"म्हणजे आईला गाठ नाही?" लेकीने विचारले. नाही म्हटल्यावर ती हसायलाही लागली आणि रडायलाही. मला तर नाचावेसे वाटत होते, पण जुन्या खुर्चीने नाचू नये. खिळे ढिले होतात.

ऑपरेशन झाले, दुकानाचे कुलूप निघाले. काकू मुद्दाम सांगायला आल्या, "डॉक्टर, आज जिना धडाधड उतरले. लेकच ओरडली, आई, हळू!"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या खुर्चीवर बसाल. तेव्हा नीट टेकून बसा आणि पूर्ण सांगा. लाजू नका, घाबरू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी डॉक्टर झालेच, तर घंटी वाजवण्याआधी एकदा समोर बघा. माणूस अजून खुर्चीत बसलेला असेल, तर त्याचे काहीतरी सांगायचे राहिले आहे.